पावणेदोन मिनिटांचं मौन

स्टेजवरचा माणूस काय पुटपुटतो ते समोरच्या हजार लोकांना ऐकू जात नाही. मला जातं. स्टेजच्या डाव्या अंगाला, पडद्याआड माझं टेबल असतं. वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या कानात इअरफोन असतात, आणि कोणाच्या कानात स्वतःचा आवाज किती जावा, दुसऱ्याचा किती, हे मी त्या टेबलावरून ठरवते. लोकांसाठी आवाज जुळवणारा माणूस वेगळा. तो हॉलच्या मागे बसतो. त्याने एखादा माइक बंद केला तरी माझ्याकडे तो चालूच राहतो. एक बटण दाबलं की त्या माणसाचा श्वाससुद्धा माझ्या कानात येतो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. कानात आलेलं कानातच ठेवायचं. अठरा वर्षांत मी काय काय ऐकलंय! गाण्याच्या मध्यात घातलेल्या शिव्या, उसासे, पहिल्या रांगेतल्या बायकांवरचे शेरे. सगळं पोटात ठेवलं. हा नियम मी एकदाच मोडला, तोही अर्धाच. पूर्ण मोडला असता तर बरं झालं असतं.

आमचा बँड जुना. माझा नवरा गिटार वाजवतो, बँडमध्ये सगळे त्याला दादा म्हणतात. ड्रमवर ढोल्या, नाव आणि देह दोन्ही जुळणारे. बेस वाजवणारा तोंड फारसं उघडतच नाही, म्हणून त्याला इथे आणत नाही. आणि गायला बुवा. बुवा हे नाव त्याला नंतर पडलं. आधी तो साधा आरडाओरडा करणारा गायक होता. सगळ्यांवर चिडलेला, आणि देवावर तर जास्तच. देव असलाच तर त्याने खाली येऊन माफी मागावी, असं एक गाणं तो घसा फुटेपर्यंत म्हणायचा. लोक नाचायचे, आमचं बरं चाललं होतं.

मग एका कार्यक्रमाआधी तो सामानाच्या लिफ्टमध्ये अडकला. एकटाच, एका मोठ्या स्पीकरसकट, चार तास. दार उघडलं तेव्हा तो मांडी घालून बसला होता आणि चेहरा असा, जसा काही आत्ताच अंघोळ करून आलाय. म्हणाला, "आत मी एकटा नव्हतो."

ढोल्या म्हणाला, "नव्हतासच. स्पीकर होता."

सगळे हसले, फक्त माझा नवरा हसला नाही. ते मी तेव्हाच टिपून ठेवलं.

माझा स्वभाव संशयी आहे, कबूल. दुकानात वजनकाटा शून्यावर आहे का हे मी वाकून बघते. लेकीने पोट दुखतंय म्हटलं की आधी वेळापत्रक बघते, कुठली परीक्षा आहे ते. नवरा म्हणतो, तू साप साप म्हणून भुई धोपटतेस. असेल. पण कधीकधी भुईखाली साप निघालाय, हे तो सोयीने विसरतो.

बुवाने नवीन गाणी लिहिली. गिटार तीच, ड्रम तेच, पण आता ओरडणं देवावर नव्हतं, देवासाठी होतं. त्यातल्या एका गाण्याच्या मध्ये सगळं थांबायचं. दिवे मंद व्हायचे. बुवा डोळे मिटून, मान खाली घालून उभा राहायचा. हॉलच्या मागचा माणूस त्याचा माइक बंद करायचा. हजार माणसं चिडीचूप. मग कधीतरी बुवा मान वर करून एक लांब, खालचा सूर लावायचा आणि त्या सुरावर ढोल्या सगळं बळ लावून तुटून पडायचा. लोक रडायचे. कार्यक्रमाआधी तो लोकांना सांगायचा, "त्या वेळी मी इथे नसतो. तो बोलावतो तेव्हा परत येतो."

हे 'तो बोलावतो' ऐकलं की माझं डोकं भणभणायचं. कारण बुवाने स्वतः माझ्याकडे येऊन कानात टिकटिक मागितली होती. टिकटिक म्हणजे ताल धरून ठेवणारा यंत्राचा ठोका. ढोल्याच्या कानात ती असतेच. गायकाला ती सहसा नको असते, गाताना मध्येमध्ये येते म्हणून. बुवाला ती फक्त या एका गाण्यात, आणि मौनात जरा मोठी हवी होती. देव बोलावणार असेल तर घड्याळ कशाला? इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

एके दिवशी मौन सुरू झालं आणि मी बटण दाबलं.

"एक, दोन, तीन, चार," बुवा ओठांतल्या ओठांत मोजत होता. "पाच, सहा, सात..." एकशे अठ्ठावीस ठोके. पावणेदोन मिनिटं. एकशे अठ्ठाविसावा ठोका पडला, त्याने छाती भरून श्वास घेतला आणि सूर लावला. समोर एक म्हातारे गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. मला वाटलं, उठावं आणि त्यांना इअरफोन द्यावेत. ऐका आजोबा, तुमचा देव पाढे म्हणतोय.

त्यानंतरच्या अकरा कार्यक्रमांत मी रेकॉर्ड करून ठेवलं. अकरा वेळा एकशे अठ्ठावीस. मी ढोल्याला विचारलं, तुला माहीत होतं का? तो सँडविच खात होता. म्हणाला, "वहिनी, मीही मोजतो. तुमचा नवरा सोडून सगळेच मोजतात. वाजवणाऱ्याने मोजायचं नाही तर काय करायचं? माळ ओढणारासुद्धा मोजतोच की."

नवरा मोजत नव्हता, हे खरं होतं, आणि माझं दुखणं तिथेच होतं. मौन सुरू झालं की तो दोन्ही कानांतले इअरफोन काढून गळ्यात सोडायचा. गिटारवरचे हात सैल. बुवाचा सूर आला की मगच डोळे उघडायचा. त्याच्या माइकवर मी कान लावला तर काहीच यायचं नाही, नुसता संथ श्वास. सतरा वर्षं मी त्याच्या शेजारी झोपते, असा श्वास मी झोपेतही ऐकला नव्हता. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा.

मग एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता त्याने सांगितलं. शहराबाहेर टेकडीवर एक बंद पडलेली शाळा बुवाने घेतली होती. तिथे मौनघर करायचं. गाणं नाही, फोन नाही. महिन्याला एक पत्र. बुवाबरोबर तोही जाणार.

"किती दिवस?" मी विचारलं.

तो बशी पुसत राहिला. "दिवस असे नाहीत त्यात."

"लेक बारा वर्षांची आहे."

"माहीत आहे."

"आणि मी?"

तो रडायला लागला. माझा नवरा रडला की मला काही सुचत नाही, मी त्याच्यावर ओरडतेच. मी ओरडले. म्हणाले, तो माणूस सोंग करतोय, त्याच्यामागे तू घरदार सोडून निघालास? त्याच्या लिफ्टमध्ये देव नव्हता, स्पीकर होता!

त्याने बशी मांडणीत ठेवली आणि म्हणाला, "तुला असं वाटतं, की तुला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग रविवारच्या कार्यक्रमात ऐक. शेवटचाच आहे. तो त्या वेळी काय करतो ते मला सांग. सोंग असेल तर मी जाणार नाही. मी डोळे मिटून कोणामागे जात नाहीये. पण मला तिथे काहीतरी होतं, आणि ते त्याच्यामुळे होतं. तो खोटा असेल तर माझंही खोटंच."

अकरा रेकॉर्डिंग माझ्या मशीनमध्ये होती. तेव्हाच ऐकवली असती तर? पण ढोल्याचं बोलणं डोक्यात बसलं होतं. नवरा म्हणाला असता, मोजू दे की, मोजता मोजता देव भेटत नाही असं कुठे आहे? मला असा पुरावा हवा होता की त्याला तोंडच उघडता येऊ नये. मोजणं काढून घेतलं तर हा माणूस परत येतो का, हे मला बघायचं होतं. कोणी बोलावतं का, ते बघायचं होतं.

रविवारी दुपारी चारचा कार्यक्रम. हॉल भरलेला, मागे लोक उभे. ते गाणं आलं. मौन सुरू झालं. दिवे मंद, माइक बंद, नवऱ्याचे इअरफोन गळ्यात. माझं रेकॉर्डिंग चालू. मी बटण दाबलं.

"अडतीस, एकोणचाळीस, चाळीस," बुवा मोजत होता.

मी त्याच्या कानातली टिकटिक बंद केली.

"एक्केचाळीस, बेचाळीस... त्रे..." तो अडखळला. "टिकटिक गेली." मग थोडं थांबून, "वहिनी, टिकटिक गेली."

म्हणजे माझ्याकडे माइक चालू असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी हलले नाही. ढोल्याने ड्रमआडून माझ्याकडे बघितलं. त्याची टिकटिक चालू होती, त्याला काही कळेना. एकशे अठ्ठावीस ठोके होऊन गेले. बुवा गप्प. दोन मिनिटं. अडीच. लोकांना यात काही वावगं वाटलं नाही, ते आणखीच शांत झाले. माझ्या कानात त्याचा श्वास जोरजोरात यायला लागला, घाबरलेल्या पोरासारखा. मी मनात म्हटलं, बस आता. बोलाव तुझ्या देवाला.

आणि त्याने बोलावलं.

"आहेस का?" तो म्हणाला. त्याचा स्टेजवरचा आवाज मला पाठ आहे, हा तो नव्हता. "मी खोटं बोललो. लिफ्टमध्ये कोणी नव्हतं. मी घाबरून मोजत बसलो होतो. तेव्हापासून मोजतोच आहे. सगळ्यांना सांगितलं तू बोललास. तू कधी बोलला नाहीस. या माणसांचं काय करू मी? दादाचं काय करू? तो सगळं सोडून माझ्यामागे येतोय." श्वास. "असशील तर आता ये. नसशील तर... नाही, ये. ये ना."

माझा हात बटणावरच होता. टिकटिक परत सुरू करता आली असती. मी केली नाही. संशय नव्हता आता, भीती होती. कोणाच्या तरी न्हाणीघराचं दार मी चुकून उघडलं होतं आणि ते बंद करायचं सुचत नव्हतं.

मग खूप वेळ काहीच नाही. घड्याळात बघितलं, चार मिनिटं होऊन गेली होती. आणि हळूहळू त्याचा श्वास बदलला. संथ झाला. मी तो श्वास ओळखला. माझ्या नवऱ्याच्या माइकवर यायचा तोच.

"बरं," बुवा म्हणाला. कोणीतरी काही सांगितल्यावर आपण म्हणतो ना, तसं. आणि त्याने सूर लावला.

तो बरोबर ठोक्यावर आला. ढोल्याच्या कानातल्या टिकटिकीच्या पहिल्या ठोक्यावर, केसाचाही फरक नाही. ढोल्या नंतर शपथा घेऊन सांगत होता. आता कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडतेच. चार ठोक्यांत पहिला, म्हणजे चारात एक शक्यता, ती काही फार मोठी गोष्ट नाही. मी त्या दिवसापासून हा हिशेब शंभरदा केला असेल.

कार्यक्रम संपला. बुवा इअरफोन परत द्यायला टेबलाशी आला. शर्ट घामाने चिकटलेला. "वहिनी, टिकटिक बंद झाली होती."

"बॅटरी असेल," मी म्हणाले.

त्याने इअरफोनचा कमरेला लावलेला डबा काढून टेबलावर ठेवला. वरचा बॅटरीचा हिरवा दिवा लख्ख जळत होता. त्याने दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मला त्या क्षणी कळलं. "असेल," तो म्हणाला आणि गेला.

नवरा सामानाच्या खोलीत केबल गुंडाळत होता. लोक मागच्या दाराशी त्याला भेटायला थांबले होते, त्याने दार लावून घेतलं. चेहरा पांढरा पडलेला. "आज काय होतं ते?" त्याने विचारलं. "असं कधीच झालं नव्हतं. ऐकलंस तू?"

"ऐकलं."

"मग सांग."

आता इथे माझी बाजू मांडायला हवी. बुवाला माहीत होतं की मी ऐकतेय. त्याने मला हाक मारली होती. मग पुढचं सगळं माझ्यासाठीच केलेलं नाटक नव्हतं कशावरून? मुरलेला गायक तो, आवाज बदलणं त्याच्या डाव्या हातचा मळ. असं मी स्वतःला सांगितलं. पण अठरा वर्षं माणसांचे श्वास ऐकणाऱ्या बाईला नाटकातला श्वास आणि खरा श्वास यातला फरक कळतो. मला कळला होता. आणि लेक घरी भूगोलाचा नकाशा रंगवत बसली होती.

मी त्याला महिन्यापूर्वीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. एक, दोन, तीन, चार. तो उभा राहून ऐकत होता. साठ, एकसष्ट. त्याने ओठ घट्ट मिटले. अर्ध्यावर मी बंद केलं.

"मौनात मोजतो?" तो म्हणाला.

"दर वेळी. आज टिकटिक गेली म्हणून हिशेब चुकला, मग परत पहिल्यापासून मोजायला लागला. म्हणून एवढा वेळ लागला."

"आणि परत कसा आला?"

"ढोल्याने काठीने खूण केली."

ढोल्याने काही केलं नव्हतं. नवऱ्याने जाऊन त्याला विचारलं असतं तर माझं बिंग तिथेच फुटलं असतं. मी उभी राहिले, आता जाईल, आता विचारेल. तो गेला नाही. केबल पूर्ण गुंडाळून त्याने खुंटीवर टांगली आणि म्हणाला, "चल घरी."

नवरा राहिला. त्या रात्री लेक त्याच्या गळ्यात पडली आणि मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले.

पुढच्याच आठवड्यात बुवाने बँडला बोलावून सगळं कबूल केलं. लिफ्टचं खोटं, मोजण्याचं खरं. म्हणाला, शेवटच्या दिवशी मात्र काहीतरी झालं, ते मला सांगता येत नाही. त्या वेळी तो माझ्याकडे बघत होता. मी मूग गिळून गप्प बसले. बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "बघितलंस? पकडला गेला तेव्हा कबूल केलं. तरी शेवटची पुडी सोडलीच." हे अगदी मी बोलले असते तसं होतं. सूरसुद्धा माझाच.

बुवा एकटा टेकडीवर गेला. बँड मोडला. नवरा आता मुलांना गिटार शिकवतो, आणि माझं काम असेल तेव्हा टेबलाशी येऊन बसतो. गायक डोळे मिटून गायला लागला की माझ्या कानाशी वाकून विचारतो, "सोंग ना?" लेकीच्या पोटदुखीचं वेळापत्रक आता तोच बघतो. मौनात येणारा त्याचा तो श्वास मी पुन्हा ऐकला नाही. रात्री कान देऊन पडते, तरी नाही. सगळे झोपले की मी मात्र हेडफोन लावते आणि त्या रविवारचं रेकॉर्डिंग ऐकते. कधीही देवाचं नाव न घेणारी मी, 'ये ना' ऐकते आणि पुढच्या शांततेत थांबून राहते. मला तिथे काय ऐकायचंय, ते मलाच माहीत नाही.

परवा पत्र आलं. पाकिटावर बुवाचं अक्षर, दोघांची नावं. नवरा गिटारच्या तारा बदलत होता. म्हणाला, "तूच वाच. काय म्हणतोय ते सांग."

मी उभ्यानेच वाचलं. लिहिलं होतं: 'वहिनी, बॅटरी नव्हती हे मला तेव्हाच कळलं. तुमचे उपकार आहेत. तुम्ही टिकटिक बंद केली नसती तर मी आयुष्यभर मोजत बसलो असतो. दादा माझ्यामागे यावा असं मी म्हणत नाही, तो घरीच असू दे. पण माझ्यामुळे त्याचं जे मोडलं, ते खरं होतं, हे त्याला कळायला हवं. त्या दिवशी मी काय बोललो ते फक्त तुम्ही ऐकलंय. त्याला तेवढं सांगाल?'

तेवढंच. ये म्हणत नव्हता, दुसरं काही मागत नव्हता. मी सांगितलं असतं तरी नवरा घरीच राहिला असता. फक्त मी खोटी ठरले असते.

"काय म्हणतोय?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणतोय, मौनघराची जाहिरात करायचीय. तुझा गिटार वाजवतानाचा फोटो पाठव."

"मौनाची जाहिरात!" तो हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, मीही हसले. मग डोळे पुसत तो पुन्हा तारेकडे वळला. पत्र माझ्या हातात उघडंच होतं. मी ते दुमडलं नाही, लपवलं नाही, मुद्दाम त्याच्यासमोर धरून उभी राहिले. त्याने ते बघायला मागितलं नाही.